डोंगर उजव्या हाताला

"काकू, असं कधीपासून दिसतंय?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"आयर्लंडपासून," मी म्हटलं.

त्या बिचाऱ्या, यंत्राच्या पलीकडून मान बाहेर काढून माझ्याकडे बघायला लागल्या. नेरूळच्या त्या छोट्या दवाखान्यात बाहेर बाकावर आठ-दहा माणसं ताटकळत होती, म्हणून सगळी हकीकत सांगता आली नाही. ती इथे सांगते.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं लेकीकडे डब्लिनला गेलो होतो. नात चार महिन्यांची होती. लेकीचं घर शहराच्या उत्तरेला, किलबॅरॅकला. तिथून डार्ट नावाची लोकल जाते. चौथं स्टेशन होथ, आणि तिथे रूळ संपतात. पुढे मासळीचं बंदर, बंदराच्या मागे डोंगर, डोंगराच्या पलीकडे पुन्हा समुद्रच.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमीन म्हणजे द्वीपकल्प, हे वाक्य वर्षाला चार तुकड्यांना या हिशेबाने किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पण चालत जाऊन ज्याच्या तिन्ही बाजू बघता येतील असं द्वीपकल्प कधी पायाखाली आलं नव्हतं. भारतीय द्वीपकल्प चालून बघणं आपल्या आवाक्यातलं नाही. होथ आवाक्यातलं आहे. मुळात ते बेट होतं. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये लाटांनी वाळू-गोटे आणून टाकले, दांडा तयार झाला आणि बेट जमिनीला चिकटलं. भूगोलात याला टोंबोलो म्हणतात. त्याच दांड्यावर सटन नावाचं स्टेशन आहे. गाडी सटनहून निघाली की मी दोन्हीकडच्या खिडक्यांकडे आळीपाळीने बघायची. नवव्या इयत्तेच्या पुस्तकातली वाळूच्या दांड्याची आकृती आठवत होती, आणि त्या आकृतीवरून आपण दोनशे-तीनशे माणसांसह गाडीने चाललोय याची गंमत वाटत होती. डब्यात बाकी कोणालाच वाटत नव्हती.

होथच्या डोंगरावर चालण्यासाठी चार वाटा आखलेल्या आहेत. चारही स्टेशनपासून निघतात आणि फिरून स्टेशनलाच येतात. हिरवी सहा किलोमीटर, निळी सात, लाल आठ आणि जांभळी बारा. वाटेत जिथे जिथे फाटा फुटतो तिथे खांब, खांबावर त्या त्या रंगाचा बाण. सुरुवातीला सगळ्या वाटा एकत्रच जातात, त्यामुळे एकाच खांबावर चार-चार बाण असतात. मग एकेक रंग गळत जातो.

पहिल्यांदा जावई बरोबर आले. हिरवी वाट. "आई, डोकं वापरायचं नाही, बाणाकडे बघत चालायचं," एवढीच त्यांची सूचना. बंदरावरून पूर्वेला गेलो, चढ लागला, आणि कड्याच्या अगदी काठाने दक्षिणेकडे वळलो. खाली कड्यांच्या कपारीत हजारो समुद्रपक्षी घरटी करून बसलेले, त्यांचा कलकलाट आणि खताच्या गाडीसारखा वास. आणि वर, वाटेच्या दोन्ही अंगांना, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. गॉर्स म्हणतात. डोंगरच्या डोंगर पिवळा. एकदा ऊन पडलं आणि मला ओल्या नारळाचा वास आला. माझं माहेर गुहागरकडचं, या वासात माझी चूक होणार नाही. मी थांबले, नाक वर करून हुंगायला लागले. जावयांना वाटलं मला दम लागला. त्यांना म्हटलं, कोणीतरी नारळ खवतंय. ते हसले आणि म्हणाले, "त्या फुलाला नाक लावा." लावलं, काटा टोचला, आणि खरंच, खवणीखाली पडणाऱ्या खोबऱ्याचा वास. परदेशात मला घराची आठवण आली ती तेवढीच एकदा, आणि ती एका काटेरी झुडपाने आणून दिली.

त्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. बंदरापासून निघाल्यावर समुद्र सारखा डाव्या हाताला, डोंगर सारखा उजव्या हाताला. म्हणजे आपण डोंगराला प्रदक्षिणा घालतोय! जावयांना सांगितलं तर ते म्हणाले, इथे लूप म्हणतात. मी म्हटलं, म्हणोत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात, तीही अशीच. निघालो तिथेच परत यायचं, पण आलो त्या वाटेने नाही. फक्त तिथे बाण लागत नाही, पुढे इतकी माणसं असतात की पाय आपोआप पडतात.

दुसऱ्या खेपेला मी एकटी गेले. हे सोपं वाटतं, पण मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तोवर एकटीने डोंगर चढलेच नव्हते. इथे पारसिक हिलवर जायचं तरी आम्ही सात जणी. खारघरच्या डोंगरावर एकदा अशीच वाट चुकलो होतो. वर पठारावर आदिवासी पाडे आहेत, तिथल्या एक मावशी मोळी घेऊन समोरून आल्या. विचारलं, खाली कुठून उतरायचं? मोळी न उतरवता त्यांनी हनुवटीने दिशा दाखवली आणि म्हणाल्या, "आंब्याखालनं." समोर मोजून चौदा आंबे होते. मावशींना नेमका कुठला ते इतकं पक्कं ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक नसेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. शेवटी त्याच मोळीसकट परत फिरून आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. आपल्या डोंगरात बाण नसतो, मावशी असते. ट्रेकवाली मुलं दगडांची लगोरी रचतात किंवा कातळावर पांढरा बाण काढतात, पण त्याच कातळावर बदामात अडकलेली दोन नावंही त्याच रंगात असतात, त्यामुळे बाणावर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

तर होथला एकटी. हे घरी नातीजवळ, कारण यांचे गुडघे. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. ठरवून निळी वाट घेतली. हिरव्यापेक्षा एकच किलोमीटर जास्त, आणि परतताना जुन्या ट्रामच्या मार्गाने उतरते. त्या डोंगरावर 1901 पासून 1959 पर्यंत ट्राम होती, रूळ गेले, पट्टा राहिला. मला ते बघायचं होतं. शिवाय निळी वाट माथ्यावरच्या वाहनतळाजवळून जाते, तिथे बस मिळते, असं लेकीने बजावून ठेवलं होतं.

सकाळी धुकं होतं. कड्याच्या वाटेने आले, पक्ष्यांचा वास नाकात घेऊन पुढे गेले. मग तो फाटा आला. खांबावर बाण. एक वर उजवीकडे, एक सरळ. दोन्ही मला काळपट दिसले. चष्मा काढून पुसला. परत बघितलं. सरळ जाणारा जरा जास्त निळा वाटला. शिक्षकी पेशात एक वाईट खोड लागते. संशय आला तरी उत्तर ठामपणे द्यायचं. मी सरळ गेले. जाताना त्या खांबाचा फोटोही काढून लेकीला पाठवला, निळ्या वाटेने सरळ निघालेय म्हणून.

खाली धुक्यातून बेलीचं दीपगृह दिसलं, पांढरं, एका लांब सुळक्याच्या टोकाला. 1814 सालचं आहे. आयर्लंडमध्ये माणसं राहून दिवा सांभाळत अशा दीपगृहांपैकी हे शेवटचं, 1997 मध्ये तेही यंत्रावर गेलं. ते बघत बसून दोन पुऱ्या खाल्ल्या. पुढे निघाले. अर्धा तास गेला, वाहनतळ येईना. पाऊण तास गेला. वाट अरुंद होत गेली. उजवीकडे मोठमोठ्या बंगल्यांची कुंपणं, डावीकडे थेट खाली समुद्र. बाण मात्र इमानदारीत भेटत होता. मी मनात म्हटलं, बाण आहे ना, मग बरोबरच आहे.

कुत्रा घेऊन एक वयस्कर गृहस्थ समोरून आले. विचारलं, ही निळी वाट ना? त्यांनी आधी शेजारच्या बाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या चष्म्याकडे. आणि अगदी हलक्या आवाजात, आजारी माणसाला सांगावं तसं म्हणाले, "पर्पल."

मला खरंच लाज वाटली. इतकी वर्षं नकाशाचे रंग शिकवणारी बाई मी. निळा म्हणजे पाणी, तपकिरी म्हणजे उंची. पोरांनी खोली दाखवणारा निळा जरा फिकट काढला तर लाल शाईने गोल करणारी.

ते म्हणाले, परत फिरून माथ्याकडे जा, बस मिळेल. मी त्यांचे आभार मानले आणि त्यांची पाठ वळल्यावर पुढेच गेले. परत फिरायचं म्हणजे डोंगर डाव्या हाताला. उलटी प्रदक्षिणा कोण घालेल! हे कारण लेकीला अजून पटलेलं नाही. खरं कारण असं की मी हिशेब केला होता. द्वीपकल्पावर माणूस हरवू शकत नाही. समुद्र डाव्या हाताला धरून चालत राहिलं की कधी ना कधी तो वाळूचा दांडा येणारच, आणि दांड्यावर स्टेशन आहे. एकतीस वर्षांत भूगोल मला इतका उपयोगी पडला नव्हता.

पण जांभळ्या वाटेने माझा भूगोलही फसवला. रेड रॉक नावाची जागा आली, तांबूस खडक, खाली छोटी पुळण, आणि तिथून बाण उजवीकडे वळला. समुद्र सोडून, रस्ता ओलांडून, गोल्फच्या मैदानाकडे, वर डोंगरात. आता समुद्र हाताशी नाही. समुद्र धरून सटनला जाता आलं असतं, सपाट रस्ता होता. मी खांबापाशी उभी राहिले. बाणाच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतकी. तेव्हा कुठे त्या काळपट रंगात जरासा वांग्याचा रंग दिसला. फक्त एवढं जवळून. मग उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं वांगं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की चूक बाणाच्या रंगाची नाही.

त्याआधीच्या दोन वर्षांत चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर वाढवून घेतला होता. दोन्ही वेळा नवी फ्रेम गळ्यात मारली, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात हे मी सांगितलं तर "काच स्वच्छ ठेवा" म्हणाले. असो.

वर गेले. त्या भागाला बॉग ऑफ फ्रॉग्ज म्हणतात, बेडकांची दलदल. बेडूक एकही भेटला नाही. काळी ओली माती, तिच्यात बुटांचा चुबुक चुबुक आवाज, आणि इतकी शांतता की मी मोठ्याने "कोणी आहे का?" असं मराठीत विचारलं. घाबरून नाही, आपला आवाज ऐकावासा वाटला म्हणून. उत्तर आलं नाही ते बरंच झालं.

ब्लॅक लिन हा तिथला सर्वांत उंच माथा, 171 मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ही उंची म्हणजे पायरीच. पण मी पोचेपर्यंत धुकं विरलं होतं, आणि पश्चिमेला खाली तो वाळूचा दांडा अख्खा दिसला. दोन्हीकडे पाणी, मध्ये घरांनी भरलेली चिंचोळी पट्टी, तिच्यावरून हिरवी डार्ट मुंगीसारखी चाललेली. त्याच्या डावीकडे लांबट, सपाट बुल बेट. तेही ऐकण्यासारखं आहे. डब्लिन बंदराचं तोंड गाळाने भरू नये म्हणून सुमारे दोनशे वर्षांपूर्वी समुद्रात भिंत बांधली. तिच्या आडोशाला वाळू साठत गेली, साठत गेली, आणि त्याचं बेट झालं. माणसाने भिंत घातली, बाकीचं लाटांनी केलं. मी तिथे दगडावर बसून उरलेला चहा प्यायले आणि फळ्यावर काढायचे तशी बोटाने हवेत ती सगळी किनाररेषा काढली. कोणी बघत नव्हतं. बघत असतं तरी काढली असती.

खाली गावात पोचले तेव्हा निघून साडेपाच तास झाले होते. फोनवर लेकीचे अकरा मिस्ड कॉल. फोन मी फोटो काढून पिशवीत, पुऱ्यांच्या डब्याखाली टाकला होता. समजूत काढायला बंदरावरच्या दुकानातून मासे घेतले. तिथे मॅकरेल मिळतो, आपल्या बांगड्याचा भाऊबंदच, अंगावर गडद नागमोडी पट्टे. घरी गेल्यावर लेक दारातच उभी होती. ती काही बोलायच्या आधी मी पिशवी पुढे केली. "बांगडे आणलेत." ती म्हणाली, "आई, बांगडे राहू देत. तुला जांभळं आणि निळं वेगळं दिसत नाही?" जावयांनी फोटोवरून ओळखलं होतं. त्या फोटोत तर दोन्ही रंग अगदी लख्ख वेगळे होते म्हणे. मला अजूनही एकच दिसत होता.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं, मोतीबिंदूत ते आणखी पिवळं-तपकिरी आणि गढूळ होतं. पिवळी काच निळा आणि जांभळा प्रकाश अडवते, त्यामुळे ते रंग सगळ्यात आधी मळतात. हे इतकं हळू होतं की माणसाला कळतच नाही, कारण तुलनेला जुना डोळा शिल्लक नसतो. मला एकदम गॉर्स आठवली. सगळा डोंगर पिवळा दिसला त्यात फुलं किती आणि माझं भिंग किती, कोण जाणे.

पावसाळा संपल्यावर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. वीसेक मिनिटं. भिंग फोडून बाहेर, नवं आत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी आधी आमच्या बाथरूमची टाइल बघितली. मी तिला दहा वर्षं क्रीम समजत होते. ती पांढरी आहे. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पांढरीच होती. तूच क्रीम म्हणायचीस, मी वाद घातला नाही." मग फोन काढला, तो खांबाचा फोटो उघडला, डावा डोळा हाताने झाकला. एक बाण निळा. दुसरा सरळसरळ जांभळा, पिकलेल्या जांभळाचा. हात उचलून उजवा झाकला. दोन्ही मळके. परत डावा झाकला. असं मी इतक्या वेळा केलं की हे म्हणाले, नव्या डोळ्याला आल्या आल्या इतकं राबवू नकोस.

डाव्या डोळ्याची तारीख जानेवारीतली आहे.

मध्यंतरी पारसिक हिलचं चालणं पुन्हा सुरू केलं. आमच्यातल्या दोघी कायम उशिरा येतात आणि फोन करून विचारतात, बाई, कुठल्या बाजूने गेलात? माझ्याकडे निवृत्तीच्या दिवशी कपाटातून आणलेला रंगीत खडूंचा एक डबा अजून शिल्लक आहे. मागच्या रविवारी तो घेऊन गेले आणि वळणावळणाला डांबरावर बाण काढत वर गेले. निळा खडू घेतला, मुद्दाम. डोंगर उजव्या हाताला राहील अशी फेरी आखली, शेवट जिथे आम्ही चहा पितो त्या टपरीशी. पावसाने धुऊन जाईल, कोणाचं काही बिघडणार नाही.

उशिरा येणाऱ्या दोघी त्या दिवशी आल्याच नाहीत. आमचा दुसरा चहा चालू असताना ट्रॅकसूटातलं एक अनोळखी जोडपं टपरीशी येऊन थबकलं. घामाघूम झालेले. नवऱ्याने खाली शेवटच्या बाणाकडे बघितलं, मग इकडेतिकडे.

"हे बाण कशाचे आहेत हो, काही माहितीय का?" त्याने विचारलं. "खालपासून यांच्या मागे आलोय आम्ही."

"चहाचे," मी म्हटलं, आणि बाकावर सरकून जागा केली.